छातीत खळगा, छातीला उंचवटा : घाई कुठे करायची, थांबायचं कुठे

बाळाला तेल लावून न्हाऊ घालताना घरातल्या बाईच्या हाताला ते आधी लागतं. छातीच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला एक खळगा. बाळ रडायला लागलं की तो आणखी आत जातो. मग घरात तर्क सुरू होतात. गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्या, मालीशवाल्या बाईचा हात जड होता, बाळ फार पालथं निजायचं. या तिन्ही गोष्टींचा आणि त्या खळग्याचा काडीचा संबंध नसतो.

दुसरं चित्र दहा-बारा वर्षांनंतरचं. मुलगा सातवी-आठवीत, वर्षभरात चार बोटं उंच झालेला. पूर्वी विहिरीवर पहिली उडी त्याची असायची. आता पोहायला चल म्हटलं की पोट दुखायला लागतं. घरातही बनियन काढत नाही. सदा पोक काढून बसतो आणि आई ‘ताठ बस, ताठ बस’ म्हणून थकते. त्याची छाती एकतर आत गेलेली असते नाहीतर पुढे आलेली, आणि ते दिसू नये म्हणूनच तो पोक काढत असतो.

अशा मुलांच्या आईवडिलांना हमखास दोन सल्ले मिळतात. एक, ‘वाढत्या वयात भरून येईल, सोडून द्या.’ दुसरा, ‘हृदयावर दाब येईल, लगेच ऑपरेशन करून टाका.’ दोन्ही अर्धवट आहेत. यातली बरीच मुलं कुठल्याही उपचाराशिवाय उत्तम जगतात. ज्यांना उपचार लागतो त्यांच्या बाबतीत तो कुठला करायचा याइतकंच तो कोणत्या वयात करायचा याला महत्त्व असतं. फार लवकर केलेल्या ऑपरेशनने मुलांचं नुकसान झाल्याचा इतिहास आहे, आणि फार उशीर केला तर साध्या पट्ट्याने झालं असतं त्यासाठी ऑपरेशनची वेळ येते.

पिंजरा आणि त्याची कूर्चा

बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. मागे त्या सगळ्या मणक्यांना जोडलेल्या. पुढे मात्र हाड छातीच्या मधल्या हाडापर्यंत, म्हणजे उरोस्थीपर्यंत, पोचतच नाही. शेवटचा टप्पा कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे आपल्या कानाचा वरचा भाग ज्याचा असतो त्याच जातीचा, पण जास्त टणक पदार्थ. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात, आठवी ते दहावी बरगडी आपल्या वरच्या कूर्चेला जाऊन मिळते आणि शेवटच्या दोन पुढे मोकळ्याच सुटतात. श्वास घेताना छाती फुलते ती या कूर्चा लवचीक असल्यामुळे.

बुरूड ओल्या कांबीला हवा तसा बाक देतो आणि तीच कांब वाळली की वाकवताना मोडते. कूर्चेचं वयानुसार तसंच होतं. पाच वर्षांच्या मुलाची छाती तळहाताने दाबली तर दबते, पंधराव्या वर्षी बरीच कमी, पंचविशीनंतर जवळपास नाहीच. पुढे येणारा प्रत्येक उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

छातीच्या व्यंगांपैकी सर्वांत जास्त आढळतो तो खळगा. रिपोर्टवर त्याला ‘पेक्टस एक्स्कॅव्हेटम’ लिहिलेलं असतं. साधारण ३०० ते ४०० जन्मांमागे एका बाळात तो दिसतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये तीन-चार पटीने जास्त. उरोस्थीचा खालचा भाग आणि त्याला जोडलेल्या कूर्चा आत वळलेल्या असतात, बऱ्याचदा जरा उजवीकडे कललेल्या. कूर्चेची वाढ वेडीवाकडी होते हे उघड दिसतं. का होते याचं एकच असं कारण सापडलेलं नाही. मात्र सुमारे ४० टक्के मुलांच्या घराण्यात आणखी कोणाला तरी छातीचं व्यंग असतं. काका, मामा, आजोबा यांचे उघड्या अंगाचे जुने फोटो पाहिले तर कधीकधी उलगडा होतो. कॅल्शियमच्या बाटल्या कितीही पाजल्या तरी खळगा भरत नाही, कारण तो कॅल्शियमच्या कमतरतेने झालेलाच नसतो.

याच्या उलटं व्यंग म्हणजे कबुतरी छाती, ‘पेक्टस कॅरिनेटम’. यात उरोस्थी आणि कूर्चा पुढे येतात. खळगा बहुधा जन्मापासून किंवा पहिल्या वर्षापासून दिसतो. कबुतरी छाती मात्र बहुतेक वेळा ११ ते १४ या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना उमटते. ‘परवापर्यंत नव्हतं हो’ असं पालक म्हणतात ते खरंच असतं. कधी एकाच छातीत एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटाही असतो.

आणखी एक तक्रार नेहमीची: ‘बाळाच्या छातीखाली टोकदार गाठ लागतेय.’ छातीच्या खड्ड्यापाशी, पोटाच्या वर, हाताला लागणारं ते टोक म्हणजे उरोस्थीचा शेवटचा तुकडा. तो सगळ्यांना असतो, बारीक बाळाचा जरा उठून दिसतो इतकंच. बरगड्यांची खालची कड थोडी बाहेर फाकलेली असणं हेही लहान मुलांत सर्रास दिसतं. या दोन गोष्टींसाठी दवाखान्याच्या फेऱ्या घालायची गरज नाही.

खळगा कोणता, धोका कोणता

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. कायमचा खळगा वेगळा आणि आजारपणात आत ओढली जाणारी छाती वेगळी. तान्ह्या बाळाला खोकला-ताप आहे, श्वास भराभर चाललाय, पोट उडतंय आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातोय, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. ‘याची छाती जन्मापासूनच अशी आहे’ म्हणून घरी थांबायचं नाही. आधीपासून खळगा असलेल्या बाळाच्या बाबतीत ही गल्लत जास्त होते, म्हणून बाळ शांत झोपलेलं असताना त्याची छाती कशी दिसते याचा मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. आजारपणात डॉक्टरला दाखवायला तो फार कामाला येतो. श्वास घेताना घुरघुर, शिट्टीसारखा आवाज आणि त्यासोबत आत जाणारी छाती असेल तर अडथळा घशात किंवा स्वरयंत्रापाशी असू शकतो. तो दूर झाला की छातीही आत जायची थांबते.

दुसरी गल्लत मुडदुसाची. ड जीवनसत्त्व कमी पडलं की वाढती हाडं मऊ राहतात. छाती पुढे येते, बरगडी आणि कूर्चा जिथे मिळतात तिथे ओळीने गाठी हाताला लागतात, बरगड्यांच्या खालच्या कडेने आडवी खाच पडते. पण मुडदूस नुसता छातीत कधी नसतो. मनगटं रुंद झालेली असतात, पायांना बाक आलेला असतो, मूल उशिरा चालायला लागतं. इथे ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हाच खरा उपचार आहे आणि तो वेळेत मिळाला तर हाडं सुधारतात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते, तिच्या यादीत मुडदूस आहे. शाळेत ते पथक आलं की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नये.

काही दुर्मीळ प्रकारही आहेत. एका बाजूचा छातीचा मोठा स्नायू जन्मतः नसतो, कधी त्याखालच्या बरगड्या अपुऱ्या असतात आणि त्याच बाजूच्या हाताची बोटं आखूड किंवा जुळलेली असतात. त्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. पोलंड देशाशी त्याचा संबंध नाही. आल्फ्रेड पोलंड या लंडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८४१ मध्ये एका मृतदेहात त्याचं वर्णन केलं होतं. बाळाची बोटं जुळलेली दिसली की त्या बाजूची छातीही पाहायची, हा त्यातला उपयोगाचा धडा. याहून गंभीर म्हणजे ज्यून सिंड्रोम. त्यात बरगड्याच आखूड असतात, छातीचा पिंजरा अरुंद राहतो आणि फुप्फुसांना फुलायला जागा नसते. तो जन्मतःच लक्षात येतो आणि त्याचा उपचार मोठ्या केंद्रातच होतो.

किती खोल म्हणजे खोल?

डोळ्यांनी पाहून खळग्याची तीव्रता ठरवता येत नाही. बारीक मुलाचा लहान खळगा भेसूर दिसतो, अंगाने भरलेल्या मुलाचा खोल खळगा झाकला जातो. म्हणून हॅलर निर्देशांक वापरतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालशल्यचिकित्सक अॅलेक्स हॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तो मांडला. सीटी स्कॅनमधला छातीचा आडवा छेद घ्यायचा, जिथे खळगा सर्वांत खोल आहे तो. छातीची आतली रुंदी मोजायची आणि तिला उरोस्थी ते मणका या अंतराने भागायचं. समजा रुंदी २४ सेंटीमीटर आहे आणि उरोस्थी ते मणका फक्त ६ सेंटीमीटर, तर निर्देशांक ४ झाला. सर्वसाधारण छातीचा तो अडीचच्या आसपास असतो. ३.२५च्या वर गेला की व्यंग तीव्र धरतात.

हा आकडा हाती आला की पालक दहावीच्या टक्क्यांसारखे त्याला चिकटून बसतात. तसं करू नये. रुंद छातीच्या आणि अरुंद छातीच्या मुलात सारखाच खळगा वेगवेगळा आकडा देतो. शिवाय सीटी म्हणजे क्ष-किरणांचा मारा. ऑपरेशनचा विचार नसताना ‘बघू किती वाढलंय’ म्हणून दर वर्षी सीटी काढणं चूक आहे. सहा महिन्यांनी एकाच उजेडात, एकाच बाजूने काढलेला फोटो आणि मुलाला उताणं झोपवून पट्टीने मोजलेली खोली एवढ्यावर लक्ष ठेवता येतं.

हृदयाचा प्रश्न लोकांना सर्वांत जास्त घाबरवतो. खोल खळग्यात उरोस्थी हृदयाच्या उजव्या कप्प्यावर टेकते आणि हृदय डावीकडे सरकतं. बसल्या जागी बहुतेक मुलांना काहीच त्रास नसतो. फुप्फुसांच्या चाचण्याही बऱ्याचदा सामान्य किंवा किंचित कमी येतात. फरक पडतो तो जोर लावताना. कबड्डीत पहिली चढाई ठीक जाते, तिसऱ्या-चौथ्या चढाईला बरोबरीच्या पोरांआधी दम लागतो. लहान वयात छाती लवचीक असल्याने हे जाणवत नाही, मिसरूड फुटायच्या वयात जाणवायला लागतं. खळग्यामुळे मूल अचानक दगावेल, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी.

इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ईसीजी करतात ते आणखी एका कारणासाठी. काही मुलांत छातीचं व्यंग हे शरीरातल्या जोडणाऱ्या ऊतींच्या आजाराचं एक चिन्ह असतं. मूल उंच, सडपातळ, बोटं लांबच लांब, दोन्ही हात पसरले तर उंचीपेक्षा जास्त भरतात, चष्म्याचा नंबर मोठा, असं असेल तर मार्फान सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी रुंदावत जाते, आणि तो धोका खळग्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पाठीच्या कण्याचा बाकही बरोबरीने तपासतात; मुलाला पुढे वाकवून पाठ दोन्ही बाजूंना सारखी दिसते का हे घरीही बघता येतं.

आणि मनाचा त्रास. त्याला ‘नुसतं दिसण्याचं आहे’ म्हणून उडवून लावतात, ते मला अजिबात पटत नाही. मुलगा पोहणं सोडतो, तालमीत जात नाही, सहलीला जायचं टाळतो. मुलगी कपडे, ओढणी, बसण्याची पद्धत सगळं त्या खळग्याभोवती ठरवते. तेरा ते अठरा ही वर्षं अशी घालवणं हा त्रासच आहे, आणि उपचाराचा विचार करायला तेवढं कारण पुरतं.

ऑपरेशनाशिवाय

जोर-बैठकांनी हाड जागेवर येत नाही. छातीचे आणि पाठीचे स्नायू भरले, पोक गेला, की तोच खळगा निम्मा दिसतो, म्हणून व्यायाम करावाच; पण जिमचा ट्रेनर ‘तीन महिन्यांत भरून देतो’ म्हणाला तर विश्वास ठेवू नये. तेल लावून छाती दाबणं, बाळाला वजनाखाली ठेवणं असले उद्योग तर करूच नयेत.

कबुतरी छातीवर पट्टा चांगला चालतो. पुढे आलेल्या जागी एक गादीची पट्टी, पाठीमागे दुसरी, दोन्हींना जोडणारा धातूचा सांगाडा. कूर्चा लवचीक असताना बाहेरून सतत, बेताचा दाब दिला की ती हळूहळू आत बसते. अर्जेंटिनातले बालशल्यचिकित्सक मार्सेलो मार्तिनेझ-फेरो यांच्या गटाने यात मोठी भर घातली. त्यांच्या पट्ट्याला दाब मोजणारं यंत्र जोडता येतं. छाती सरळ व्हायला किती दाब लागतो ते आधी मोजायचं. ७.५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) आत काम होत असेल तर पट्ट्याने यश येण्याची शक्यता चांगली. रोज घालायचा दाब मात्र २.५ पीएसआयच्या आत ठेवायचा, नाहीतर कातडी सोलवटते.

अडचण पट्ट्याची नसते, तो घालण्याची असते. दिवसातले बरेच तास, काही पद्धतींत अंघोळ आणि खेळ सोडून जवळजवळ दिवसभर, आणि तेही महिनोन् महिने. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात तो अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षाच. आत सुती बनियन, घाम पुसायला पंचा, कातडी लाल झाली आणि अर्ध्या तासात लाली गेली नाही तर पट्टा सैल करून डॉक्टरला फोन. छाती सरळ झाली म्हणून एकदम सोडायचा नाही; वाढ पूर्ण होईपर्यंत रात्रीपुरता तरी चालू ठेवायचा, नाहीतर उंचवटा परत येतो. मुलाला स्वतःला हवा असेल तरच पट्टा सुरू करावा. वडिलांच्या धाकाने घातलेला पट्टा आठवड्याभरात कपाटात जातो.

खळग्यासाठी बाहेरून दाब देऊन उपयोग नाही, तिथे ओढायला हवं. त्यासाठी निर्वात घंटा, व्हॅक्यूम बेल, निघाली. एकार्ट क्लोबे या जर्मन अभियंत्याने ती बनवली. त्याच्या स्वतःच्या छातीत खळगा होता. सिलिकॉनची वाटी छातीवर ठेवायची, हातातल्या फुग्याने आतली हवा काढायची. उरोस्थी डोळ्यांदेखत वर उचलली जाते आणि वाटी काढली की बरीचशी परत खाली बसते. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, मग हळूहळू काही तासांपर्यंत. छातीवर लाल-जांभळे डाग पडतात, कधी हातांना मुंग्या येतात. अमेरिकेतल्या नॉर्फोक इथल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा वय ११ वर्षांपर्यंत, खळगा दीड सेंटीमीटरपर्यंत, छाती लवचीक आणि वर्षभराहून जास्त सलग वापर, अशा मुलांना उत्तम फायदा झालेला दिसला. म्हणजे घंटेचा विचार करायचा तो पाचवी-सहावीत. बारावी झाल्यावर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. रक्त न गोठण्याचा किंवा हाडं ठिसूळ असण्याचा आजार असेल तर ती वापरत नाहीत.

घाईने काय झालं

छातीच्या खळग्यावर ऑपरेशन करणं जुनं आहे. जर्मन शल्यचिकित्सक झाउअरब्रुख यांनी १९१३ मध्येच ते केलं होतं. पण पुढची अनेक दशकं ज्या पद्धतीचं राज्य होतं ती मार्क रॅविच यांनी १९४९ मध्ये मांडली. छातीवर चिरा घेऊन वाकड्या कूर्चा काढायच्या, उरोस्थीला खाच देऊन ती पुढे आणायची आणि कूर्चेभोवतीचं आवरण शाबूत ठेवायचं, म्हणजे त्यातून नवी कूर्चा तयार होते. आजही काही गुंतागुंतीच्या छातींसाठी आणि कबुतरी छातीच्या ऑपरेशनसाठी हीच पद्धत सुधारून वापरतात.

लहानपणी केलं तर बरं, मूल विसरून जाईल, जखम लवकर भरेल, अशा विचाराने त्या काळी तीन-चार वर्षांच्या मुलांवरही ते झालं. काहींच्या कूर्चा फार मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या. त्या वयात बरगडी लांबते ती ज्या भागातून, तोच भाग गेला. १९९६ मध्ये एक शोधनिबंध आला. ही मुलं मोठी झाली होती, पण त्यांची छाती मोठी झाली नव्हती. थोडं चाललं तरी धाप लागत होती. जन्मतः ज्यून सिंड्रोम असलेल्या बाळाची असते तशी अरुंद छाती त्यांना ऑपरेशनने मिळाली होती. हा इशारा देणारे डॉक्टर होते तेच अॅलेक्स हॅलर, ज्यांच्या नावाचा आकडा आपण आत्ता पाहिला. बालशल्यचिकित्सेत ऑपरेशनचं वय पुढे सरकलं त्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या नॉर्फोकमध्ये डोनाल्ड नस यांनी वेगळा प्रश्न विचारला. कूर्चा इतकी लवचीक आहे तर ती कापायचीच कशाला? १९८७ पासून ते कूर्चेला हात न लावता आतून दांडीचा आधार देत होते, आणि दहा वर्षं वाट पाहून १९९८ मध्ये त्यांनी ४२ मुलांचे निकाल प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे त्यांनीही सुरुवातीला लहान मुलंच घेतली होती. आज बहुतेक ठिकाणी हे ऑपरेशन साधारण १२ ते १६ या वयात करतात. कूर्चा अजून वाकते आणि उंचीची मोठी झेप बरीचशी होऊन गेलेली असते. फार लहानपणी केलं तर दांडी काढल्यावर वाढीच्या झेपेत खळगा परत येण्याची भीती.

ऑपरेशनच्या टेबलावर आधी छातीच्या बाहेर मऊ धातूची पट्टी धरून तिला हवा तो बाक देतात. त्या नमुन्याप्रमाणे पोलादाची दांडी वाकवतात. निकेलची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी टायटॅनियमची, म्हणून खोटे दागिने किंवा कमरपट्ट्याचं बक्कल यांनी मुलाच्या कातडीला खाज सुटते का हे डॉक्टरला आधीच सांगायचं. मग काखेखाली दोन्ही बाजूंना लहान चिरा. एका चिरेतून दुर्बीण आत जाते. उरोस्थी बाहेरून वर उचलून धरतात आणि तिच्यामागून, हृदयाच्या पुढून, एक बोथट वाकडं हत्यार हळूहळू पलीकडे नेतात. सगळ्या ऑपरेशनमधली जोखमीची मिनिटं हीच. त्या बोगद्यातून दांडी ओढून घेतात, तेव्हा तिचा बाक पाठीकडे असतो. शेवटी दोन्ही टोकांना चावी लावून ती १८० अंशांत फिरवतात. बाक पुढे येतो आणि खळगा तिथल्या तिथे वर येतो. दांडी बरगड्यांना बांधून टाकतात. खळगा लांबट असला तर दोन दांड्या लागतात.

दुखतं का? खूप. वर्षानुवर्षं आत गेलेला पिंजरा एका मिनिटात बाहेर ढकललेला असतो. पूर्वी पाठीत नळी घालून औषध द्यायचे आणि मूल पाच-सहा दिवस दवाखान्यात असायचं. अलीकडे काही केंद्रांत ऑपरेशनच्या वेळीच बरगड्यांमधल्या नसा उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रत्येकी सुमारे २ मिनिटं, गोठवतात. नसेचा आतला धागा निकामी होतो पण बाहेरचं आवरण राहतं, त्यामुळे नस पुन्हा वाढते. तोवर काही आठवडे ते काही महिने छाती बधिर राहते. त्याचा परिणाम पूर्ण यायला दिवसभर लागतो, म्हणून पहिल्या रात्रीला इतर औषधं लागतातच. अशी मुलं पुष्कळदा एक-दोन दिवसांत घरी जातात.

घरी आल्यावर साधारण सहा आठवडे दप्तर पाठीला नाही, कुशीवर झोपणं नाही, कमरेत वळणं नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीवर बसवून शाळेत सोडणं तर नाहीच. अंगाला अंग भिडतं असे खेळ तीन महिने तरी बंद. दांडी सरकणं, संसर्ग, छातीत हवा किंवा पाणी साठणं या गुंतागुंती होऊ शकतात. हृदयाला इजा फार क्वचित होते पण झालेली आहे, म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा हात शोधावा. ‘तुम्ही वर्षाला अशी किती करता?’ हे विचारायला पालकांनी लाजू नये, आणि प्रश्न ऐकून चिडणाऱ्या डॉक्टरपेक्षा शांतपणे आकडा सांगणारा बरा.

दांडी दोन ते तीन वर्षं आत राहते. तेवढ्या काळात मुलाच्या दप्तरात एक कार्ड असावं: छातीत धातूची दांडी आहे, एमआरआयआधी विचारा, हृदय बंद पडलं तर छाती दाबायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागेल आणि शॉकचे पॅड एक पुढे, एक पाठीवर लावा. वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या सरांना त्याची प्रत द्यावी. दांडी काढण्याचं ऑपरेशन छोटं असतं, मूल बहुधा त्याच दिवशी घरी येतं.

राहिला पैशाचा प्रश्न. विमा कंपन्या हे ‘सौंदर्यासाठीचं ऑपरेशन’ म्हणून नाकारू शकतात. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी फाइल पक्की करावी: हॅलर निर्देशांक लिहिलेला सीटी किंवा एमआरआयचा अहवाल, इको, फुप्फुसांची चाचणी, जमल्यास पळवून घेतलेली चाचणी, आणि मुलाला काय त्रास होतो हे डॉक्टरने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पत्र. पूर्वमंजुरीचा अर्ज लेखी करावा आणि नकार आला तर तोही लेखीच मागावा. सरकारी योजनेचं कार्ड असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आजाराचं नाव आणि ऑपरेशनचं नाव दोन्ही दाखवून ते यादीत बसतं का हे भरती होण्याआधी विचारून घ्यावं. आणि दांडी काढण्याचा खर्च त्यातच धरलाय की वेगळा, हेही त्याच वेळी.